नांगराच्या आधीचं कोकण

(दृश्य: गणपतीपुळ्याची पुळण, सकाळ. लाटांचा आवाज हळूहळू मागे पडतो. झाडांखालून चढत जाणारी पायवाट.)

गणपतीपुळ्याला आलेला माणूस दर्शन घेतो, पुळणीवर पाय भिजवतो आणि परतीला लागतो. आज आपण देवळाकडून थोडं वर जाऊ. इथे ‘प्राचीन कोकण’ नावाचं खुलं संग्रहालय आहे. पायवाट झाडांखालून जाते आणि वाटेच्या दोन्ही अंगांना माणसाएवढे पुतळे आपापल्या कामात गुंतलेले दिसतात. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं कोकणातलं गाव इथे उभं केलंय. बलुतेदार आहेत, त्यांची अवजारं आहेत, खोताचं घर आहे.

खोताच्या घरापाशी थोडं थांबा. सारा गोळा करून सरकारात भरायचा, हे खोताचं काम. पण गावावर वचक त्याचाच. कुळाने पिकवायचं आणि पिकाचा मोठा वाटा त्याच्या अंगणात नेऊन टाकायचा. ही पद्धत मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं, आणि १९४९च्या कायद्याने खोती संपली. आज ज्यांनी साठी-सत्तरी ओलांडली आहे, त्यांच्या आजोबांनी ती सोसलेली आहे. हे घर बघताना ते आजोबा मनात असू द्यावेत.

(दृश्य: पुतळ्यांच्या हातांचे जवळून घेतलेले तुकडे. लाकूड, लोखंड, माती.)

या गावातलं सगळं जगणं भाताभोवती फिरतं. विळे-कोयत्यांना धार काढून देणारा लोहार, मडकी घडवणारा कुंभार, या सगळ्यांचं बलुतं भातात. खोताचा वाटाही भातातच. मला इथली जवळजवळ प्रत्येक वस्तू ओळखता येते, कारण यातल्या कितीतरी माझ्या आजोळच्या पडवीत होत्या. जुनं कोकण म्हटलं की डोळ्यांपुढे हेच येतं: नांगर, जातं, उखळ, माड.

हे जुनं कोकण किती जुनं, ते बघायला आता सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर जाऊ.

(दृश्य: गाडी चढण चढते. झाडी संपते. एकदम मोकळा, काळपट-तांबडा सडा. वारा.)

खाली वाडी, पोफळीची गार सावली, पाटाचं पाणी. वर सडा. कोकणातल्या माणसाला हे दोन जग रोज ओलांडावे लागतात. सडा जांभ्या दगडाचा. काळ्या बेसाल्ट खडकावर लाखो वर्षं ऊन-पाऊस पडून त्यातलं बाकीचं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, त्याचा हा जांभा. खाणीतून चिरा काढताना तो त्यामानाने मऊ असतो, आणि वारं लागलं की कठीण होत जातो. म्हणून सड्याचा वरचा पापुद्रा घणालाही दाद देत नाही.

त्या पापुद्र्यावर कुणीतरी चित्रं कोरली आहेत.

(दृश्य: खराट्याने माती बाजूला केली जाते. एक रेषा. मग दुसरी. निवेदन काही क्षण थांबते.)

हे जांभरुण, रत्नागिरी तालुक्यातलं. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. पायाखाली नुसता कातळ, वाळलेलं गवत, पावसाने पाडलेले खळगे. मग एखादा खळगा जरा जास्तच नेमका वाटतो. डोळे तिथे ठरतात, रेष पुढे सरकते, वळते, आणि आपण एका माशाच्या शेपटीवर उभे आहोत हे लक्षात येतं. पाय आपोआप मागे येतात. आजूबाजूला माणसं, जनावरं, मासे असे कितीतरी आकार आडवे पडलेले असतात.

इथे सकाळी लवकर यावं, नाहीतर उन्हं कलल्यावर. तिरप्या उजेडात खाचेची एक कड सावली धरते आणि चित्र वर उठून येतं. भर दुपारी तेच चित्र समोर असून दिसत नाही. पावसाळ्यात खाचांत पाणी साचतं, भोवती फुलं येतात, तेव्हाचं रूप निराळंच.

यांना कातळशिल्पं किंवा कातळखोद चित्रं म्हणतात. गावांना ती ठाऊक होती. कुठे ती पांडवांनी कोरली असं सांगतात. मालवण तालुक्यात कुडोपीला त्या जागेचं नावच बाहुल्यांचं टेंब. पण पद्धतशीर शोध सुरू झाला तो अलीकडे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२च्या सुमारास सडे पायाखाली घालायला घेतले. गुराख्यांना विचारत, म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकत ते गावोगाव फिरले. आज एक हजारावर चित्रांची नोंद आहे. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत महाराष्ट्रातल्या कशेळी, उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवी हसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि कुडोपी या जागा आल्या, सोबत गोव्यातलं फणसईमाळ.

(दृश्य: उक्षी. चित्राभोवतीचा गोल बांध. त्यावरून खाली दिसणारा हत्ती.)

उक्षीला हत्ती आहे. गावाने पुढे होऊन त्याच्याभोवती बांध घातला, वरून बघायची सोय केली. गावाने गावाचं चित्र राखलं, याचं मोल मला फार मोठं वाटतं. कारण सडा म्हणजे पडीक जमीन, हा समज अजून गेलेला नाही. चिऱ्याच्या खाणी सड्यावरच पडतात, रस्ते सड्यावरूनच जातात, कलमांच्या बागांसाठी कातळच फोडला जातो. आणि हे चित्र उचलून संग्रहालयात नेता येत नाही. ते तिथेच राहील, नाहीतर कुठेच राहणार नाही. बघायला गेलात तर अनवाणी चाला, आणि फोटोत नीट दिसावं म्हणून रेषांवर खडू किंवा चुना ओढू नका.

(दृश्य: कशेळी. उंचावरून. कॅमेरा हळूहळू वर जातो आणि हत्ती पूर्ण होतो.)

हा कशेळीचा हत्ती, राजापूर तालुक्यातला. लांबी सुमारे १८ मीटर, उंची सुमारे १३ मीटर. त्याच्या पोटात सत्तरहून अधिक लहान-मोठ्या आकृती आहेत. ड्रोनमुळे आता तो आपल्याला एका नजरेत मावतो. कोरणाऱ्याला तो तसा कधीच दिसला नसणार. सड्यावर उभं राहून इतकं मोठं चित्र दिसत नाही, त्याच्या कडेकडेने चालावं लागतं. मी चाललो. सोंडेपासून पाठीवरून शेपटीपर्यंत, मग पायांच्या खालून परत. तेव्हा कुठे कळलं की कोरणाऱ्याचा हात चुकला नव्हता. इतक्या मापात पाठीचा बाक नेमका धरायचा, तर हत्ती आधी मनात पूर्ण असावा लागतो.

आता सकाळचं संग्रहालय आठवा. तिथे जे होतं, ते इथे शोधून बघा.

बैल औताला जुंपलेला दिसत नाही. नांगर दिसत नाही, कणीस दिसत नाही. वाघ आहे, हरीण आहे, मोर आहे. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. म्हणूनच ही चित्रं शेतीच्या आधीच्या, शिकार करून आणि कंद-फळं गोळा करून जगणाऱ्या माणसांची असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. बारसूला दोन वाघांच्या मधोमध एक माणूस उभा आहे. तशीच आकृती सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर आहे, म्हणून तिची फार चर्चा होते. मला मात्र त्या वाघांपेक्षा सड्यावरचे मासे जास्त ओढतात.

(दृश्य: कातळावरचा पाकट. चपटं अंग, लांब शेपटी. लगेच त्यावर बंदरातलं दृश्य: टोपलीतला पाकट.)

हा पाकट. आणि ही मुशी. कुठल्याही बंदरावर एखाद्या खारव्याला फोटो दाखवा, तो नाव सांगेल. शेवटच्या हिमयुगात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती. किनारा पार पश्चिमेला होता. मग बर्फ वितळलं, पाणी हजारो वर्षं चढत राहिलं आणि आजच्या खाड्या भरल्या. परशुरामाने समुद्र मागे हटवून ही भूमी काढली, अशी आपली कथा. चित्रं तितकी जुनी असतील, तर सड्यावरच्या माणसांच्या वंशजांनी उलटं पाहिलं असेल: समुद्र पुढे आला, आणि त्यांच्या वावराची जागा पाण्याखाली गेली. कथा दोन्हीकडे समुद्राचीच.

गेंडा गेला. वाघ गेल्यातच जमा. भात आलं, माड आले, खोत आला आणि गेला. पाकट अजून जाळ्यात येतो.

(दृश्य: कशेळी, संध्याकाळ. ऊन आडवं. खाचांत सावल्या भरतात, हत्ती गडद होतो, मग कातळ एकसारखा काळा दिसू लागतो. दूरवर समुद्राची पांढरी रेघ. वाऱ्याचा आवाज चालू राहतो.)