जुनी गाडी घेताना गिअरबॉक्स कसा पारखावा

मित्रहो, जुनी गाडी बघायला गेलं की आपण आधी किलोमीटर विचारतो, टायर बघतो, रंगावरून हात फिरवतो. गिअरबॉक्सची आठवण व्यवहार ठरत आल्यावर होते. बायकामुलांना घेऊन पुढची सहा-सात वर्षं चालवायची गाडी असेल, तर सुरुवात तिथूनच करा. ऑटोमॅटिकचं मोठं काम निघालं, तर खर्च लाखाच्या घरात जातो.

विकणाऱ्याला फोनवरच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गिअरबॉक्सची काही दुखणी थंडपणी दिसतात, काही ऑइल तापल्यावरच. म्हणून गाडी थंड असतानाही बघायची आणि अर्धा तास गर्दीतून फिरवूनही. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून डीमधून (पुढचा गिअर) आरमध्ये (मागचा गिअर) टाका. गिअर लागायला वेळ लागला किंवा दणका बसला, तर तिथेच थांबून विचार करा.

मॅन्युअल असेल तर वरच्या गिअरमध्ये ताशी चाळीस-पन्नासवर ॲक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा झपकन चढला आणि गाडी ओढत नसेल, तर क्लच घसरतोय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, क्लचप्लेट झिजणारच. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. गिअर बदलताना आतून करकर आली, तर मात्र गिअरबॉक्स खोलावा लागू शकतो.

पण हीच परीक्षा सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला, लावू नका. तिथे आरपीएम आधी चढतो, वेग मागून येतो. तिची चालच तशी. तिथे हळू वेगात थरथर आणि चढती घरघर ऐका.

एएमटी नावाची स्वस्तातली ऑटोमॅटिक आपल्याकडे २०१४च्या मारुती सेलेरिओपासून घरोघरी पोचली. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल, तर क्लच जळतो. म्हणून ती चढावर थांबवून पुन्हा काढून बघाच.

ड्युअल क्लचबद्दल, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरणाऱ्या ऑटोमॅटिकबद्दल, मी जास्त सावध असतो. २०१३मध्ये फोक्सवॅगनने आपल्या सात गिअरच्या डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल बदलून मिनरल घालण्यासाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. तशी गाडी घेताना कामाचे कागद मागा. रोजची वाट ट्रॅफिकची असेल, तर माझं मत टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकला. सुटताना ताकद ऑइलमधून जाते, त्यामुळे रांगत चालताना क्लच घासत नाही. इनोव्हा क्रिस्टाची ऑटोमॅटिक याच जातीची.

‘यातलं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं कुणी म्हणालं, तर मान हलवू नका. आपल्या उन्हात, आपल्या घाटांत ऑइल थकतंच. बदलल्याची पावती बघा; लाल ऑइल काळं पडून जळका वास येत असेल, तर आतल्या प्लेट्स जळल्याची शंका घ्या.

आणखी एक, पुराची गाडी. २०१९ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ला चिपळूण-महाडला कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. गिअरबॉक्सला हवा जायला छोटी वाट असते, तिथून पाणी आत शिरतं. सीट, कार्पेट नवं घालता येतं. पण पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ दिसतं. ते बदललेलंही असू शकतं, म्हणून विम्याच्या क्लेमचा इतिहासही मागा. आणि आपला मेकॅनिक बरोबर न्या, गाडी उचलून त्याला थोडं ऑइल काढून बघू द्या. विकणारा त्याला तयार नसेल, तर मी पुढची गाडी बघतो.