ब्योमकेश बक्षी: दूरदर्शनवरचा सत्यान्वेषी

कलकत्त्यातील वर्दळीच्या रस्त्यावर भर दिवसा एक खात्यापित्या घरचा प्रौढ गृहस्थ चालता चालता अचानक कोसळतो आणि जागीच गतप्राण होतो. आजूबाजूला माणसेच माणसे असतात, पण बंदुकीचा आवाज कोणी ऐकलेला नसतो आणि हल्लेखोरही कोणाच्या दृष्टीस पडलेला नसतो. शवविच्छेदन होते, तेव्हा त्याच्या हृदयात रुतलेली ग्रामोफोनची पिन सापडते. काही दिवसांनी त्याच पद्धतीने दुसरा खून होतो, मग तिसरा, आणि सारे शहर रस्ता ओलांडायलाही धजेनासे होते. शरदिंदू बंदोपाध्याय यांनी १९३२ साली लिहिलेल्या ‘पथेर काँटा’ या कथेतील हे प्रकरण १९९३ साली दूरदर्शनच्या ‘ब्योमकेश बक्षी’ या हिंदी मालिकेत ‘रास्ते का काँटा’ या नावाने आले आणि बंगाली न येणाऱ्या कोट्यवधी घरांत बंगालचा हा सत्यान्वेषी पोहोचला.

या भागाची उकल जिथून सुरू होते ती जागा पाहण्यासारखी आहे. ब्योमकेश सकाळचे वर्तमानपत्र घेऊन बसला आहे आणि पहिल्या पानावरच्या बातम्या सोडून तो छोट्या जाहिरातींचे रकाने वाचतो आहे, कारण लोकांच्या खऱ्या गरजा आणि खरे व्यवहार तिथेच उघडे पडतात, असे त्याचे ठाम मत आहे. त्या रकान्यात एक विचित्र जाहिरात दर आठवड्याला न चुकता येते. आपल्या वाटेतला काटा दूर व्हावा असे ज्याला वाटत असेल, त्याने शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता व्हाइटअवे लेडलॉच्या दुकानाच्या नैऋत्य कोपऱ्यावरील दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहावे, एवढाच तिचा मजकूर आहे. त्याचा मित्र अजित तिला वेडगळपणा म्हणून सोडून देतो. ब्योमकेश मात्र विचारतो की दर आठवड्याला पैसे मोजून ही जाहिरात देणाऱ्याला यातून काय मिळत असेल, आणि सगळा तपास या एका व्यवहारी प्रश्नावर उभा राहतो. पुढे एक आशील येतो, जो केवळ छातीवरच्या खिशातील घड्याळात पिन अडकल्यामुळे वाचलेला असतो. त्या क्षणी आपल्याला सायकलची घंटी ऐकू आली होती, हे तो जाता जाता सांगून जातो. रस्त्यावर सायकलची घंटी वाजणे इतके नित्याचे असते की तिच्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही, आणि खुन्याचे हत्यार नेमके त्या घंटीतच दडलेले असते. खुनी कोण, हे ज्यांनी हा भाग अजून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी इथे सांगत नाही.

प्रेक्षकाला कोड्याचे सगळे तुकडे त्याच्या डोळ्यांदेखत द्यायचे आणि तरीही शेवटपर्यंत त्याला ते जुळवता येऊ नयेत, ही रहस्यकथेतील सर्वांत अवघड गोष्ट आहे. बासू चटर्जी यांच्या दिग्दर्शनात ती पुन्हा पुन्हा साधलेली दिसते. त्यांनी अनेक वर्षे ‘ब्लिट्झ’ या मुंबईच्या साप्ताहिकात व्यंगचित्रकार म्हणून काम केले होते, आणि मोजक्या रेषांत माणूस उभा करण्याची ती सवय त्यांच्या चित्रपटांतही उतरली. सत्तरच्या दशकात ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’ यांसारख्या चित्रपटांतून त्यांनी शहरी मध्यमवर्गाचे बसथांबे, कचेऱ्या आणि चाळी पडद्यावर आणल्या. १९८५ साली प्रिया तेंडुलकर यांना घेऊन केलेल्या ‘रजनी’ने तर गॅस सिलिंडरपासून टॅक्सीपर्यंतचे रोजचे प्रश्न दूरदर्शनवर मांडले. पण ब्योमकेशची खरी पूर्वतयारी मला त्यांच्या १९८६ सालच्या ‘एक रुका हुआ फैसला’ या चित्रपटात दिसते. बंद खोलीत बसलेले बारा ज्यूरी, एका तरुणावरचा खुनाचा आरोप, आणि केवळ प्रश्न विचारत विचारत बाकीच्या अकरा जणांना पुन्हा विचार करायला लावणारा एक माणूस, एवढ्या सामग्रीवर तो चित्रपट उभा आहे. तो प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे के. के. रैना, आणि तेच पुढे ब्योमकेशचा मित्र, सोबती आणि चरित्रकार अजित झाले.

रजित कपूर यांची निवड हा या मालिकेचा दुसरा मोठा निर्णय. त्याआधी छोट्या पडद्यावरचा गाजलेला गुप्तहेर म्हणजे १९८५ सालचा करमचंद. गाजर खाणारा, चटपटीत बोलणारा, आपली सहायक किटी हिला गप्प बसवणारा पंकज कपूर यांचा करमचंद लकबींच्या जोरावर घराघरांत लाडका झाला होता, आणि त्या यशानंतर कोणत्याही गुप्तहेराला एखादी लकब चिकटवण्याचा मोह होणे अगदी स्वाभाविक होते. रजित कपूर यांनी त्यापासून स्वतःला दूर ठेवले. त्यांचा ब्योमकेश धोतर-कुर्त्यातला, सिगारेट ओढणारा, कमी बोलणारा तरुण आहे. समोरचा माणूस खोटे बोलतो आहे हे उमगल्यावरही तो त्याला मध्येच तोडत नाही, उलट आणखी थोडे बोलू देतो. खोलीत शिरताना त्याची नजर वस्तूंवरून फिरते, तेव्हा कॅमेरा त्या वस्तूंवर झडप घालत नाही, पार्श्वसंगीतही आपल्याला खुणावत नाही. काय महत्त्वाचे आणि काय नाही, हे आपणच ठरवायचे असते. आजच्या गुन्हेगारी मालिकांत एकेका चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा आपटतो आणि प्रत्येक शंकेला ढोल वाजतो, तेव्हा या संयमाची किंमत अधिकच जाणवते.

ब्योमकेशच्या कथांमधले गुन्हे बहुतेक वेळा घराच्या उंबरठ्याच्या आतच घडतात, आणि ‘वसीयत’ हा भाग त्याचा नमुना म्हणून पाहावा. कराली बाबू हे श्रीमंत आणि लहरी वृद्ध. घरातील ज्या आश्रितावर त्यांची मर्जी खप्पा होईल त्याचे नाव मृत्युपत्रातून काढायचे आणि दुसऱ्याचे घालायचे, हा त्यांचा खाक्या. एके सकाळी ते अंथरुणात मृत सापडतात. मानेच्या मागे, जिथे कवटी आणि पाठीचा कणा जुळतात तिथे, एक सुई खुपसलेली असते. एवढ्या नेमक्या जागी सुई घालायला शरीररचनेचे ज्ञान हवे, आणि घरात वैद्यकीचा विद्यार्थी एकच असतो, त्यामुळे सगळा संशय त्या सुकुमारवर जातो. मृत्युपत्र, वाटणी, आश्रितांची अगतिकता आणि एकाच छताखाली राहणाऱ्यांचा एकमेकांविषयीचा जुना आकस हे सगळे महाराष्ट्रातील कोणत्याही वाड्यात राहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. इथे गुन्हेगार हा बाहेरून आलेला राक्षस नसतो. तो रोज त्याच पंगतीत बसून जेवणारा असतो, आणि म्हणूनच उलगडा झाल्यावर सुटकेपेक्षा विषादच अधिक वाटतो.

सुकुमारची बहीण सत्यवती आपल्या भावासाठी ब्योमकेशपुढे उभी राहते ती याच प्रकरणात, आणि पुढे ती त्याची पत्नी होते. ही भूमिका सुकन्या कुलकर्णी यांनी केली, हे मराठी प्रेक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. जगातील बहुतेक नामांकित गुप्तहेर एकटे राहतात. ब्योमकेश मात्र लग्न करतो, संसार मांडतो, त्याला मुलगा होतो, आणि अजित त्याच बिऱ्हाडात घरचा माणूस म्हणून राहतो. सत्यवतीचे रुसणे, अजितची बाजू घेऊन नवऱ्याला टोमणे मारणे, घरचा नोकर पुँटीराम याने आणून ठेवलेला चहा या गोष्टी तपासाच्या मध्ये येत राहतात आणि त्या कधीही भरताड वाटत नाहीत. सुकन्या कुलकर्णी यांनी सत्यवतीला दिलेला ठामपणा असा आहे की ती पडद्यावर असताना ब्योमकेशची हुशारी घरातल्या घरात थोडी नरमाईने घ्यावी लागते.

या साऱ्या कथांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध एका अभिनेत्रीपुरता नाही. शरदिंदू बंदोपाध्याय यांचा जन्म १८९९ साली जौनपूरला झाला. ते शिकले वकिली, पण रमले लेखनात. १९३२ ते १९३६ या काळात ब्योमकेशच्या पहिल्या दहा कथा लिहून त्यांनी ही लेखणी बाजूला ठेवली आणि १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला ते मुंबईत आले. चित्रपटसृष्टीत त्यांची बरीच वर्षे गेली. या काळात ब्योमकेश जणू निवृत्तच झाला होता. सुमारे पंधरा वर्षांच्या खंडानंतर, १९५१ मध्ये, वाचकांच्या आग्रहावरून त्यांनी त्याला पुन्हा हाती घेतले. १९५२ मध्ये चित्रपटांचे काम सोडून ते पुण्यात स्थायिक झाले. म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्या, मेस, तलावाकाठचे बाक आणि ट्रामचे रस्ते यांनी भरलेल्या नंतरच्या बहुतेक कथा त्यांनी पुण्यात बसून, आठवणीच्या बळावर लिहिल्या. ‘साही का काँटा’ या भागाची मूळ कथाही याच पर्वातली. तिच्यात साळिंदराच्या काट्याने लागोपाठ खून होतात, आणि एक माणूस केवळ त्याचे हृदय उजव्या बाजूला असल्यामुळे वाचतो. महाराष्ट्राच्या मातीशीही शरदिंदूंचे नाते कोरडे नव्हते. शिवाजी महाराजांच्या काळातील सदाशिव नावाच्या मुलाला नायक करून त्यांनी बंगाली मुलांसाठी साहसकथा लिहिल्या. पुण्यात मराठी साहित्यिकांच्या वास्तव्याच्या खुणा आपण जपतो, त्यांच्या नावाने रस्ते आणि सभागृहे ओळखतो. भारतीय भाषांतील एक थोर रहस्यकथाकार आयुष्याची शेवटची अठरा वर्षे याच शहरात लिहीत होता, ही गोष्ट मात्र फारच थोड्या पुणेकरांना ठाऊक असते, आणि मला त्याची मनापासून खंत वाटते.

मालिकेत उणिवा नाहीत असे नाही. खर्च बेताचा असल्याचे जागोजाग दिसते. बरेचसे प्रसंग खोल्यांमध्येच घडतात, आणि शरदिंदूंच्या शब्दांतून जाणवणारे शहराचे अफाटपण पडद्यावर क्वचितच येते. काही दुय्यम भूमिकांत नाटकी बोलणे खटकते, आणि लांब कथा एका भागात बसवताना एखादा दुवा निसटतो. तरीही एकूण ३२ पूर्ण कथांपैकी बहुतेक सगळ्या कथा, १९९३ आणि १९९७ अशा दोन पर्वांत मिळून ३४ भागांमध्ये, मुळाशी इमान राखून सादर करणे हे काम त्यापूर्वी कोणी केले नव्हते. १९६७ साली सत्यजित राय यांनी उत्तमकुमार यांना घेऊन ‘चिड़ियाखाना’ केला होता, पण ती एकच कथा होती. त्यानंतर बंगालीत आणि हिंदीत अनेक ब्योमकेश आले. त्यातले काही वेगवान आहेत आणि काही देखणे आहेत, पण रजित कपूर, के. के. रैना आणि सुकन्या कुलकर्णी यांच्या त्रिकुटातला जिव्हाळा पुन्हा कोणाला साधलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे पर्व आले त्याच्या पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९८ मध्ये, सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली. तिचे कर्ते बी. पी. सिंग यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली होती, आणि तिथले शिवाजी साटम पुढे देशभराचे एसीपी प्रद्युम्न झाले. गुन्ह्याचा तपास आता एका माणसाच्या बैठकीतून निघून पथकाच्या, प्रयोगशाळेच्या आणि धावपळीच्या हाती गेला. त्या परंपरेचाही स्वतंत्र इतिहास आहे आणि त्यात मराठी कलावंतांचा वाटा फार मोठा आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवायला घेतल्या, तेव्हा ब्योमकेश सत्तावीस वर्षांनी घरोघरी परतला. ज्यांनी तो लहानपणी पाहिला होता ते आता आपल्या मुलांना शेजारी बसवून, पुढे काय होणार हे न सांगण्याची पराकाष्ठा करत होते. त्याच वर्षी ४ जून रोजी बासू चटर्जी यांचे मुंबईत निधन झाले. शरदिंदू १९७० साली गेले, तेव्हा ब्योमकेशची ‘विशुपाल वध’ ही तेहतिसावी कथा त्यांच्या हातून अपुरी राहिली होती. भर प्रयोगात रंगमंचावर एका नटाचा मृत्यू होतो, प्रेक्षागृहात बसलेल्या ब्योमकेशकडे तपास येतो, साक्षी-जबान्या सुरू होतात, आणि तिथेच हस्तलिखित थांबते.