फळीवरचा आवाज

(पडद्यावर अंधार. फक्त पावसाचा आवाज.)

हा पाऊस गोव्यातला, आमच्या पेडण्यातला, जुलैमधला. कौलांवर असा कोसळतोय की बाजूच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. पण याच आवाजाखाली अजून एक आवाज आहे, तो जरा कान देऊन ऐका. टक, टक, टक. हे मेंढ्याचे खूर, पोफळीच्या फळ्यांवरचे. आमचा दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, पावसाळ्यात रात्री दोनला उठतो, पडवीत उभा राहून एवढंच ऐकतो आणि परत जाऊन झोपतो. आवाज कोरडा असला की झालं. बद बद असा आला तर बॅटरी घेऊन खाली जायचं, कुठेतरी गळतंय, फळी भिजलीय.

दादा प्रदर्शनासाठी मेंढे पाळतो. प्रदर्शनात मेंढा कसा उभा राहणार ते जानेवारीत ठरत नाही, या महिन्यात ठरतं. वर्षभर दादाच्या मागे कॅमेरा घेऊन फिरल्यावर मला कळलेली मुख्य गोष्ट हीच.

(सकाळ. चिऱ्याचं जोतं, त्यावर उंच माचाण.)

गोव्यात मेंढी तशी दिसतच नाही. आमच्याकडचे धनगर गवळी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी आणि बकऱ्या सांभाळत आले, मेंढ्या नाही, आणि त्याला कारण आहे. मेंढी हे कोरड्या मुलखातलं जनावर. दादाचा मेंढा माडग्याळ जातीचा, हे माडग्याळ गाव सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात. तिकडे वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक खूश, आणि आमच्याकडे तीन हजाराच्या आसपास! म्हणजे त्याच्या गावात सहा वर्षांत पडेल तेवढं पाणी इथे एका पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर. गावात सगळे दादाला म्हणायचे, अरे बकऱ्या पाळ, कोकण कन्याळ घे, आपल्याच हवेतली जात आहे. त्यात चूक काहीच नव्हती. पण दादाने एकदा आटपाडीच्या बाजारात माडग्याळ मेंढा बघितला आणि विषय संपला.

तुम्ही बघितला नसेल तर सांगतो. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब मान, लोंबते लांब कान, शिंगं नाहीत आणि नाक असं बाकदार की लोक त्याला पोपटाची चोच म्हणतात. या नाकावरच भाव ठरतो. २०२० मध्ये आटपाडीत एका मेंढ्याला सत्तर लाखांची बोली लागल्याची बातमी सगळीकडे फिरली होती, ती या जातीचीच. असले आकडे ऐकून बरेच जण या धंद्यात उड्या मारतात आणि नाक बघून कोकरू घेतात. दादा नाक शेवटी बघतो. आधी तो विचारतो, आई कुठाय? आईची कास बघणार, पाय बघणार, तिला दात किती ते बघणार, मग कोकराला दहा पावलं चालवणार, एकदा पुढून, एकदा मागून. मागचे पाय गुडघ्यात एकमेकांना घासत असतील तर नाक कितीही सुंदर असू दे, तो पुढे जातो. साडेतीन महिन्यांचं, चोवीस किलोचं कोकरू घेतलं, डॉक्टरचा दाखला केला आणि बेळगावमार्गे चोर्ला घाटातून रात्रभर टेम्पोत घेऊन आला. आणल्यावर पहिले तीन आठवडे वेगळं बांधलं, बाकीच्या कळपात सोडलंच नाही, बाहेरून काही रोग आला असेल तर तो तिथेच कळावा म्हणून. वहिनी त्याला पेज भरवायला निघाली होती, दादा म्हणाला, "अगं, लाड नको करूस आता, पोट फुगेल त्याचं."

आता ही माचाण बघा. जमिनीपासून मीटरभर उंच. खाली पोफळीच्या रिपा, आमच्या कुळागरातल्याच, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेतल्या, पडलेली झाडं चिरून काढलेल्या, दोन रिपांमध्ये दीड ते दोन सेंटिमीटर फट. लेंडी आणि मूत खाली पडलं पाहिजे पण खूर अडकता कामा नये, एवढीच फट. दादाने पहिल्या वर्षी मोठी ठेवली होती आणि एका मेंढीचा पाय अडकून मुरगळला, तेव्हापासून प्रत्येक रीप ठोकताना तो मध्ये हाताचं बोट घालून बघतो.

खूर ओला राहिला की बोटांच्या बेचक्यातली कातडी आधी पांढरी पडते, मग लाल होते, मग कुजते. वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, सडक्या चीजसारखा. मेंढी लंगडते, गुडघ्यावर बसून चरते, चार दिवसांत वजन घसरतं. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट टाकून त्यात सगळ्यांना पाच-दहा मिनिटं उभं करायचं आणि नंतर लगेच चिखलात नाही सोडायचं, कोरड्या फळीवर ठेवायचं. बरेच जण औषध घालतात आणि परत चिखलात सोडतात, मग म्हणतात औषध चालत नाही.

(क्लोजअप. वहिनीचा अंगठा, मेंढीची पापणी.)

हे काम वहिनीचं. खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढायची आणि आतला रंग बघायचा. लालसर गुलाबी असेल तर ठीक. फिकट पांढरट दिसली तर पोटात रक्त पिणारा जंत झालाय, औषध पाजा. आणि फक्त तिलाच पाजा. सगळ्या कळपाला दर महिन्याला डोळे झाकून पाजलं की जंत त्या औषधाला सरावतात, मग एक दिवस खरंच गरज पडते तेव्हा बाटली रिकामी केली तरी उपयोग नाही. वहिनीने मला विचारलं, "भाऊजी, हिची बघा, कशी वाटते?" मला दोन्ही सारख्याच दिसल्या. तिला नाही. त्याच दिवशी तिने एकीला बाजूला काढलं.

दुसरं म्हणजे शेतातल्या पाण्यातली बारीक गोगलगाय. तिच्यातून लिव्हर फ्लूक, म्हणजे लिव्हरमध्ये राहणारा चपटा जंत, गवतावर येतो. त्यामुळे भाताच्या खाचरात, पाणी साचलेल्या मळ्यात मेंढी सोडायची नाही, कितीही हिरवंगार दिसत असलं तरी. दादा त्यांना वर सड्यावर नेतो. तिथे कातळ आहे, पाणी थांबत नाही, गवत बारीक आणि आखूड, मेंढीला आवडतं तसं. वर कातळावर चालून खूर आपोआप घासला जातो, कातरायला कमी लागतो.

आता खाणं. इथे थोडं थांबून सांगायला पाहिजे, कारण याच बाबतीत आमच्या घरात एक मेंढा गेलाय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हा नाही, याच्या आधीचा. चांगला वाढत होता, सगळे म्हणायचे खुराक वाढव, प्रदर्शनाला दोन महिने राहिलेत. आमच्याकडे गिरणीचा तांदळाचा कोंडा स्वस्त मिळतो, दादाने तो वाढवला, सोबत मका भरडून. वजन भराभर चढलं. आणि एक दिवस सकाळी तो पाठ ताणून उभा, शेपटी हलवतोय, जोर लावतोय आणि थेंब थेंब. आम्हाला वाटलं पोट बांधलंय, एरंडेल पाजलं. संध्याकाळी तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तोपर्यंत आत फुटलं होतं सगळं. खडे. मूत्रमार्गात वाळूसारखे खडे. कोंड्यात फॉस्फरस खूप, कॅल्शियम जवळजवळ नाही, मक्याचंही तसंच, आणि पावसाळी हवेत जनावर पाणीही कमी पितं. नराचा मूत्रमार्ग लांब, नागमोडी आणि अरुंद, खडा अडकायला वेळ लागत नाही. दादा त्या दिवशी जेवला नाही. मी हे सगळं सांगतोय कारण प्रदर्शनाचे मेंढे असेच जातात, उपाशी राहून नाही, जास्त खाऊन.

त्यानंतर हिशोब बदलला. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट पाहिजे, म्हणून खुराकात चुन्याच्या दगडाची भुकटी मोजून पडते, मीठ पडतं म्हणजे तहान लागते, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडा अमोनियम क्लोराइड. पाण्याची बादली दिवसातून दोनदा घासून धुतली जाते, शेवाळ असलं की मेंढा तोंड लावत नाही. खुराक दिवसाला अर्धा किलोच्या वर नाही, तोही दोन वेळा वाटून, मक्याबरोबर थोडी खोबऱ्याची पेंड. बाकी सगळं पोट चाऱ्याने भरायचं. बेळगावकडून येणारा ज्वारीचा कडबा, घरचं नेपियर गवत, फणसाचा पाला, थोडा सुबाभूळ. सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्याच्या आतच, जास्त झाला तर लोकर गळते.

अजून एक, हे कृपा करून लक्षात ठेवा. गाईचं मिनरल मिक्सचर मेंढीला घालू नका. त्यात तांबं असतं. गाईला ते लागतं, पण मेंढीच्या लिव्हरमध्ये ते साठत जातं, महिनोन्‌महिने काही दिसत नाही आणि मग एकदम कावीळ, लघवी काळपट लाल आणि दोन दिवसांत खेळ संपतो. मेंढीसाठीचं वेगळं मिळतं, तेच मागा.

(मे महिना. मेंढा सावलीत धापा टाकतोय.)

पैदाशीची तयारी उन्हाळ्यात सुरू होते. नराचं बी तयार व्हायला सात आठवडे लागतात, म्हणजे एप्रिल-मेच्या उकाड्यात मेंढ्याला ताप आला किंवा उन्हात तापला तर त्याचं नुकसान जूनमध्ये कळतं, मेंढ्या फिरून फिरून माजावर येतात. म्हणून दुपारी तो फणसाखाली, अंडकोषावरची लोकर कातरलेली. मेंढ्यांनाही लागवडीच्या आधी दोन-तीन आठवडे रोज मूठ-दोन मूठ धान्य जास्त, की जुळी होण्याचा चान्स वाढतो.

जुळ्यांवरून दादाची आणि माझी चर्चा नेहमीची. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जीन दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा तयार केली, मटणासाठी पाळणाऱ्याला ती वरदान आहे, असं माझं मत. दादा म्हणतो, खरं आहे, पण जुळं कोकरू जन्मताच हलकं असतं, आईचं दूध दोघांत वाटलं जातं, रिंगणात उभं करायचं तर एकटं वाढलेलं बरं. दोघांचंही बरोबर आहे. तुम्हाला विकायचंय काय ते आधी ठरवा.

मिरग लागला की काम सुरू. हे बघा, वहिनी काव आणि खोबरेल तेल कालवतेय. हा लेप मेंढ्याच्या छातीला चोळायचा. तो ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीवर तांबडा शिक्का उमटतो, तारीख कॅलेंडरवर लिहायची. मेंढीचा माज सतरा दिवसांनी फिरतो, म्हणून सतरा दिवसांनी रंग बदलून निळा. तांबड्यावर निळा आला तर पहिल्यांदा लागली नव्हती. सतरा जूनचा शिक्का म्हणजे तेरा नोव्हेंबरच्या आसपास कोकरू, पाच महिन्यांना चारेक दिवस कमी. पाऊस गेलेला, जमीन कोरडी, म्हणूनच जून. आणि स्वतःच्या मुलींवर तोच नर लावायचा नाही. गोव्यात मेंढे कमी म्हणून हा मोह होतो, दादा दर दोन वर्षांनी नर बदलतो, कितीही आवडता असला तरी.

शेवटच्या दीड महिन्यात कोकरू पोटात सगळ्यात जास्त वाढतं, तेव्हा मेंढीच्या खुराकात कंजूषी केली की आई आणि पिल्लू दोन्ही धोक्यात. जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. नाळेला आयोडीन. बाकी आई करते.

(प्रदर्शनाचं मैदान, घाटावर. थंडी.)

खूर तीन आठवड्यांपूर्वीच कातरले होते, ऐन वेळी कातरून लंगडला तर वर्ष वाया. अंघोळ तीन दिवस आधी. पाण्यात आठवडाभर थोडा गूळ, कारण परक्या ठिकाणचं पाणी तो पीत नाही, गुळाची चव ओळखीची वाटली की पितो. कडबा घरचाच बांधून नेला. वजन एकसष्ट किलो, दोन दाती, म्हणजे दोन पक्के दात आलेला.

रिंगणात एक मुलगा विचारत होता, टक्करीला लावता का याला? दादा नाही म्हणाला, आमच्याकडे धीरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवरसुद्धा कोर्टाची बंदी आहे, आणि मुळात हा त्यासाठी नाहीच.

परीक्षकांनी नाक बघितलं, मागे सरकले, चालायला लावलं. पाठीच्या कण्यावर हात फिरवला, बोटांनी बरगड्या चाचपल्या, हाड लागतंय पण टोचत नाही एवढंच मांस बरं. दात बघितले. अंडकोष दोन्ही सारखे आहेत का ते हाताने बघितलं. मग वाकून पुढचा पाय उचलला, बोटांची बेचकी उघडली आणि बराच वेळ बघत राहिले.

"कुठून आणलात?"

"गोव्यातून, पेडण्यातून."

त्यांनी परत पाय बघितला. मग दुसरा. मग मागचे दोन्ही.

दुसरा नंबर आला. पहिला जतचाच होता आणि तो खरंच चांगला होता, दादाने जाऊन त्याच्या मालकाला त्याच्या आईबद्दल विचारून घेतलं.

(अंधार. पाऊस. फळीवर खूर, आणि मागून अजून हलके, छोटे खूर.)