तोच चेहरा, तीच ढाल

नमस्कार श्रोतेहो.

तोतया हा शब्द आपल्याला शाळेतच भेटतो. पानिपतानंतर ‘मीच सदाशिवरावभाऊ’ म्हणत एक माणूस उभा राहिला, कोकणातली माणसं त्याच्यामागे गेली, किल्ले गेले आणि शेवटी १७७६ साली त्याला देहान्त शासन झालं. आज ज्या तोतयाबद्दल बोलायचंय तो कागदावरचा आहे आणि अमेरिकेचा आहे. भाऊसाहेबांचा तोतया पकडला गेला तेव्हा खरे भाऊ परत आले नाहीत. या गोष्टीत मात्र तोतया पकडला गेला, खराही परत आला आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

कॅप्टन अमेरिका आपल्याकडे बहुतेकांना सिनेमातून माहीत आहे. निळा पोशाख, छातीवर चांदणी, हातात गोल ढाल. पण तो मुळात कॉमिकचा माणूस. डिसेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॉलवर त्याचा पहिला अंक आला, किंमत १० सेंट. मुखपृष्ठावर हा पठ्ठ्या हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय. बाजूने नाझी शिपाई गोळ्या झाडतायत, एक गोळी ढालीवर आपटून उडतेय. ढाल त्या पहिल्या अंकात गोल नव्हती बरं का, तिकोनी होती. दुसऱ्या एका प्रकाशकाच्या नायकाशी साम्य दिसलं, त्याने हरकत घेतली, म्हणून दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली.

अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. पर्ल हार्बर पुरतं वर्षभर दूर होतं. चित्र काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू, स्थलांतरितांची मुलं. युरोपात काय चाललंय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. अंक खपला जवळजवळ दहा लाख. आणि धमक्याही आल्या. अमेरिकेतल्या नाझीप्रेमी मंडळींची पत्रं आली, फोन आले, कार्यालयाबाहेर संशयास्पद माणसं घुटमळू लागली. पोलिसांचा पहारा बसला. न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला, अशी आठवण सायमन यांनी पुढे लिहून ठेवली आहे.

आता थेट २५ मे २०१६ वर येऊ. नव्या मालिकेचा पहिला अंक. लेखक निक स्पेन्सर. शेवटच्या पानांवर कॅप्टन आपल्याच बाजूच्या एका जोडीदाराला विमानातून खाली ढकलतो आणि वाचकाकडे तोंड करून दोनच शब्द म्हणतो: हेल हायड्रा. हायड्रा म्हणजे या कथांमधली गुप्त संघटना, नाझींची थेट वारसदार म्हणावी अशी. ज्याच्या पहिल्या चित्रात हिटलरला ठोसा, तो म्हणतोय की मी कायमच त्यांचा होतो.

न्यू जर्सीला माझा एक मित्र असतो. मूळचा चिंचवडचा, गेली वीसेक वर्षं तिकडे. लहानपणी आम्ही दोघांनी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाटून वाचला. अर्धा अंक तो, अर्धा मी, मग अदलाबदल. तिकडे गेल्यावर त्याला कॅप्टनचं वेड लागलं. अंक प्लॅस्टिकच्या पाकिटात, मागे ताठ पुठ्ठा, अशी देवघरासारखी मांडणी. त्या मे महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, “अरे, आपल्या बाळूकाकांनी एकाएकी उठून शिव्या द्यायला लागावं, तसं वाटलं.” त्या दिवसापासून त्याने तो खण भिंतीकडे तोंड करून ठेवला.

तो एकटा नव्हता. लोकांनी अंक जाळले आणि जाळतानाची चित्रं पसरवली. स्पेन्सर यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ७५ वर्षांपूर्वी हिटलरला मारलं म्हणून धमक्या, आता हिटलरच्या वारसांबरोबर उभं केलं म्हणून. हा संताप मला समजतो, धमक्या नाही. ज्यू वाचकांचं म्हणणं अधिक शांत होतं आणि मला वाटतं अधिक खरं होतं. दोन ज्यू तरुणांनी जीव धोक्यात घालून जे चित्र काढलं, तेच तुम्ही दचकवण्याच्या खेळासाठी वापरलंत, असं ते म्हणत होते.

प्रकाशक मार्व्हलकडे अर्थात खुलासा तयार होता. विश्वाची घडण बदलू शकणारी एक वस्तू, तिला लहान मुलीचं रूप आलेलं, नाव कोबिक. खलनायक रेड स्कलने त्या पोरीला फूस लावली आणि तिने स्टीव्ह रॉजर्सचा भूतकाळच पुन्हा लिहिला. स्टीव्ह म्हणजे आपला कॅप्टन. म्हणजे दोष त्याचा नाही. पण तो खुलासा वाचकांना पटायच्या आत २०१७ ची मोठी मालिका सुरू झाली. तिच्यात या हायड्रावाल्या कॅप्टनने देश ताब्यात घेतला, लास व्हेगास उद्ध्वस्त केलं, जुन्या मित्राला गोळ्या घालायला लावल्या. मालिका संपली ऑगस्ट २०१७ मध्ये. खरा स्टीव्ह प्रकटला, त्याने तोतयाला हरवलं, तुरुंगात टाकलं.

त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल गावात मशाली घेऊन माणसं नाझी घोषणा देत चालली होती, खरोखरची माणसं. कॉमिकच्या लेखकाच्या नशिबी यापेक्षा वाईट मुहूर्त काय येणार.

तोतयाची ही युक्ती काही नवी नव्हती. १९५० च्या दशकात कॅप्टनला साम्यवाद्यांना झोडपणारा म्हणून बाजारात पुन्हा आणलं होतं, आणि थोड्याच अंकांत ते बंद पडलं. पुढे १९६४ साली सांगितलं गेलं की तो युद्धाच्या अखेरीपासून बर्फात गोठलेला होता. मग पन्नासच्या दशकातला तो कोण? १९७२ मध्ये लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी उत्तर दिलं: तो दुसराच कुणी होता, चेहरा बदलून घेतलेला, डोकं फिरलेला. देशाच्या नावावर झालेली एका काळाची चूक अशी एका तोतयाच्या खाती जमा झाली. तरी एंगलहार्ट यांना मी मानतो, कारण दोनच वर्षांनी त्यांनी पळवाट ठेवली नाही. १९७४ च्या कथेत कॅप्टन कटाच्या सूत्रधाराचा पाठलाग करत थेट व्हाइट हाउसमध्ये शिरतो. मुखवटा निघतो, चेहरा आपल्याला दाखवत नाहीत, पण तो कोण हे त्याला कळतं. वॉटरगेटचे, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन घोटाळ्यात अडकल्याचे दिवस होते, वाचकांनी काय ते ओळखलं. कॅप्टनने नाव टाकलं, पोशाख टाकला, आणि काही अंक ‘नोमॅड’, म्हणजे भटक्या, म्हणून फिरला.

तर २०१७ च्या शेवटी या नायकाला पुन्हा उभं करायचं होतं. पहिला प्रयत्न मार्क वेड आणि चित्रकार ख्रिस सॅमनी यांचा. कॅप्टन नेब्रास्कातल्या एका छोट्या गावी जातो, जिथे त्याने पूर्वी माणसं वाचवली होती, आणि गाव त्याचा सण साजरा करतंय. सॅमनींची रेघ इतकी स्वच्छ की पान उलटावंसं वाटत नाही. माझ्या मित्राला मात्र ते रुचलं नाही. “मागच्या वर्षी याच चेहऱ्याने यांच्या देशावर राज्य केलं, आणि हे जिलेबी वाटतायत,” म्हणाला. जिलेबी तिथे नव्हती अर्थात, पण मुद्दा बरोबर होता. काहींना हेच हवं होतं, की झालं ते विसरा, आमचा माणूस परत द्या. आजारपणानंतर मऊ भात मागावा, तशी ती मागणी होती. तिला हसण्याचं कारण नाही.

दुसरा प्रयत्न ४ जुलै २०१८ चा. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, त्यातून बुधवार, म्हणजे तिकडे नवे अंक दुकानात येण्याचा वार. चित्रं लेनिल फ्रान्सिस यू यांची, लेखक ता-नेहिसी कोट्स. गुलामीची भरपाई काळ्या लोकांना का द्यावी यावर ज्यांच्या लेखाने २०१४ साली देशभर वाद पेटवला, तेच हे पत्रकार. अशा माणसाच्या हाती झेंडा पांघरलेला नायक! दोन्ही बाजूंच्या भुवया उंचावल्या. कोट्स यांनी आधीच लिहिलं होतं की आपल्याकडे उत्तर नाही, प्रश्न आहे: अमेरिका नावाच्या या स्वप्नावर कुणी विश्वास तरी का ठेवावा?

त्यांनी काय केलं, तर तोतयाची पळवाट बंद करून टाकली. खुलासा खोडला नाही, त्याचा उपयोग होऊ दिला नाही. लोकांना स्टीव्ह सांगणार काय, ‘तो मी नव्हतो’ म्हणून? रस्त्यावरच्या माणसाने हाच चेहरा आणि हीच ढाल पाहिली होती. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे हायड्राचं राज्य अनेकांना मनापासून आवडलं होतं, आणि ते गेल्याचं त्यांना वाईट वाटत होतं. शॅरन कार्टरचं बघा. तिचं स्टीव्हवर प्रेम आहे, आणि नेमक्या याच चेहऱ्याच्या माणसाने तिला कैदेत ठेवलं होतं. आता तो चेहरा घरात वावरतो. सरकारही त्याला जवळ करत नाही. पुढे एका जनरलच्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो, तो स्वतःहून स्वाधीन होतो आणि कैद्याच्या कपड्यांत तुरुंगात जातो. तिथला अधिकारी कोण, तर हायड्राचाच जुना सरदार.

वाचक काय म्हणाले? एक गट खूश होता, की आमच्या मनातला अविश्वास निदान पानात आला. दुसरा गट कंटाळला. हा माणूस ढाल फेकायच्या आधी चार चौकटी विचार करतो, कथा गोगलगाईसारखी सरकते, ही तक्रार मी स्वतःही केली आहे. मधले काही अंक खरंच रेंगाळतात. तिसऱ्या गटाने पुस्तक न उघडताच निकाल दिला होता. आणि २०२१ मध्ये एक गंमत झाली. कोट्स यांच्या रेड स्कलची शिकवण, जगण्याचे दहा नियम वगैरे, वाचून कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉर्डन पीटरसन यांना त्यात स्वतःची छबी दिसली. त्यांनी जाहीरपणे आश्चर्य व्यक्त केलं, आणि कॉमिक न वाचणारेही आठवडाभर कॉमिकवर बोलत राहिले.

माझ्या मित्राने पहिला अंक वाचून मध्यरात्री फोन केला, आमच्याकडे सकाळ होती. म्हणाला, “हा माफी मागत नाहीये रे.” मी म्हटलं, त्याने केलंच नाही तर माफी कशाची? तो गप्प बसला. मग म्हणाला, “तेच तर. आणि तरी तो मान खाली घालून चालतोय.”

त्याने सगळे तीस अंक घेतले, २०२१ च्या शेवटच्या अंकापर्यंत. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो तेव्हा पाहिलं. भिंतीकडे तोंड केलेला खण आता सरळ आहे. पण हे तीस अंक त्याने त्यात ठेवलेले नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं खोकं आहे, आणि त्यावर काळ्या मार्करने, मराठीत, नुसतं ‘स्टीव्ह’ लिहिलंय.

नमस्कार.