दोन मुठींवर ध्रुव

[दृश्य: गोष्टीच्या पुस्तकाचं रंगीत पान. सिंहासनावर राजा, मांडीवर एक मुलगा, दुसरा खाली उभा.]

निवेदन:
उत्तानपाद राजाच्या दोन राण्या, सुनीती आणि सुरुची. सुरुचीचा उत्तम वडिलांच्या मांडीवर बसलेला. सुनीतीचा ध्रुवही चढू पाहतो, तर सुरुची त्याला झिडकारते. पाच वर्षांचं ते पोर घराबाहेर पडतं, वाटेत नारद भेटतात, यमुनाकाठी मधुवनात ते तपाला बसतं आणि शेवटी त्याला अशी जागा मिळते, जिथून कुणीच उठवू शकत नाही.

ही गोष्ट बहुतेक मराठी मुलांना आजीकडून नाहीतर पुस्तकातून भेटते. शाळेत ती भाषेच्या तासाला वाचली जाते. ध्रुवतारा मात्र कधीतरी भूगोलात येतो, आणि तोवर ते पुस्तक कपाटात गेलेलं असतं. हे पुस्तक इतक्या लवकर मिटू नये, एवढंच या फिल्मचं सांगणं आहे.

[दृश्य: वर्ग. एक मुलगी मोठ्याने वाचते आहे.]

निवेदन:
सुरुवात भाषेच्या तासापासूनच करावी, आणि घाई करू नये. मांडीवरून उठवलेल्या मुलाला काय वाटलं असेल? सुनीती त्याला काय म्हणाली असेल? आणि उत्तम? तो तर लहान होता, त्याचा काय दोष? मुलं यावर बोलू लागली की वेगळं काही शिकवावं लागत नाही. घरातला दुजाभाव त्यांच्या ओळखीचा असतो. ध्रुवाला जागा का हवी होती, हे ज्या मुलाला कळलं, ते मूल रात्री ती जागा शोधायला आपणहून अंगणात उतरतं. खगोलशास्त्राच्या पाठाला याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

[दृश्य: संध्याकाळ. शाळेचं मैदान, उत्तरेकडचं आकाश.]

निवेदन:
इथे पुस्तकातलं चित्र मदत करत नाही. चित्रात ध्रुव सर्वांत मोठा, सर्वांत झळाळता. म्हणून मुलं हटकून शुक्राकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात ध्रुव मध्यम तेजाचा आहे. तेजस्वी ताऱ्यांच्या यादीत त्याचा नंबर पन्नासाच्या आसपास लागतो. त्याला शोधायचं ते सप्तर्षींवरून. त्यांच्या चौकोनातले शेपटीपासून लांबचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहापासून क्रतूपर्यंत रेघ ओढायची आणि त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे जायचं. मार्चमध्ये रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी ईशान्येला चांगले वर आलेले असतात. डिसेंबरच्या संध्याकाळी ते क्षितिजाखाली असतात, तेव्हा इंग्रजी M सारख्या दिसणाऱ्या शर्मिष्ठा तारकासमूहाचा आधार घ्यावा.

आता हात सरळ पुढे करून मूठ वळा. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे माप जवळपास तेच येतं. पुणे-मुंबईकडे ध्रुव दोन मुठींच्या जरासा खाली सापडतो. इतका खाली, की समोर टेकडी किंवा चार मजली इमारत असली तर दिसायचाच नाही.

[दृश्य: कंपासपेटीतला कोनमापक. मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याला नट बांधलेला.]

निवेदन:
मुठीनंतर कोनमापक. त्याची सरळ कड वर धरून तिच्या रेषेत ध्रुव पाहायचा. तोवर दुसऱ्या मुलाने दोरा कुठल्या आकड्यावर आहे ते वाचायचं. दोरा नव्वदापासून जितका सरकला, तितका ध्रुव क्षितिजाच्या वर. आणि जी उंची निघते, ती जवळजवळ आपल्या गावाचा अक्षांश असते. नकाशावरच्या ज्या आडव्या रेघा फक्त पाठ करायच्या म्हणून होत्या, त्यातली एक आता मुलाने स्वतः मोजलेली असते.

सावंतवाडीला हा कोन सुमारे 16 अंश, नंदुरबारला 21 च्या थोडा वर. या दोन गावांतल्या शाळांनी एकमेकींना फोन करून आकडे कळवले, तर फरक साडेपाच अंशांच्या आसपास यावा. दक्षिणोत्तर अंतर सुमारे 600 किलोमीटर, म्हणजे अंशाला साधारण 110. त्याला 360 ने गुणलं की पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटरच्या जवळ जातो. दोरा हलतो, वाचताना चूक होते, कुणाचं उत्तर 30,000 येतं, कुणाचं 50,000. येऊ दे. दहा मुलांची सरासरी का घ्यायची, हे त्या दिवशी फळ्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

[दृश्य: चित्रकलेचा कागद. एका तासाच्या अंतराने काढलेले सप्तर्षी.]

निवेदन:
सप्तर्षींचं चित्र दर तासाला काढलं, तर ते ध्रुवाभोवती 15 अंशांनी सरकलेले दिसतात. चोवीस तासांत पूर्ण फेरी. फिरतो आपण, हे मुलांना कागद फिरवून दाखवता येतं.

[दृश्य: पैठणचा गोदाकाठ.]

निवेदन:
इतिहासाच्या तासाला ध्रुवाचं अंतर सांगावं. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला 400 वर्षांहून अधिक लागतात. मोजमापं 430 ते 450 च्या आसपास आहेत. आज रात्री डोळ्यांत शिरणारा किरण तिथून निघाला, तेव्हा शिवरायांचा जन्म झालेला नव्हता. पैठणला संत एकनाथ होते, दिल्ली-आग्र्याकडे अकबराचं राज्य होतं. सनावळ्यांना कंटाळलेली मुलंसुद्धा हे ऐकून मान वर करतात.

आणि मग तो प्रश्न, जो शिक्षकांना अडचणीचा वाटतो: गोष्टीत ध्रुव अढळ आहे, खरंच आहे का?

नाही. आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं, त्या उत्तर ध्रुवबिंदूपासून तो अंशाच्या दोन-तृतीयांशाइतका बाजूला आहे, त्यामुळे रोज एक चिमुकलं वर्तुळ काढतो. शिवाय पृथ्वीचा अक्ष मंदावत्या भोवऱ्यासारखा डुलतो. एका डुलण्याला सुमारे 26,000 वर्षं. इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधले जात होते, तेव्हा या जागेजवळ कालेय तारकासमूहातला ठुबान नावाचा तारा होता. दोन हजार वर्षांपूर्वी आजचा ध्रुव तिथून दहा अंशांहून लांब होता. अजून सुमारे 12,000 वर्षांनी अभिजित हा तारा जवळ येईल.

हे मुलांपासून लपवू नये, आणि गोष्ट खोटी ठरली म्हणून पुस्तक बाजूलाही सारू नये. ज्यांनी गोष्ट रचली त्यांनी आकाशातली एक न हलणारी जागा नीट हेरली होती, तेही डोळ्यांनी, रात्रीमागून रात्री. जागेवरचा तारा बदलत जातो, हे एका आयुष्यात दिसणं शक्यच नाही. पाचवीतल्या मुलांना हे पेलतं. त्यांना कमी लेखण्याची सवय मोठ्यांची आहे.

[दृश्य: जुन्या मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ.]

निवेदन:
मराठीत ही वाट नवी नाही. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक. 1896 साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’सारखा ग्रंथ देणाऱ्या या माणसाने सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं आणि त्याला जोडनाव दिलं ‘रात्रीची दोन घटका मौज’.

[दृश्य: खेड्यातली दोनखोल्यांची शाळा.]

निवेदन:
हे सगळं सर्वांत सहज जमेल ते लहान जिल्हा परिषद शाळांत. तिथे बहुतेक वेळा एकच गुरुजी किंवा बाई सगळे विषय शिकवतात, त्यामुळे भाषेतून गणितात जायला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय तिथलं आकाश अजून काळं आहे. लागतं ते एक गोष्टीचं पुस्तक, कोनमापक, दोरा, आणि फेब्रुवारी-मार्चमधली एक निरभ्र रात्र, पालकांना आधी कळवून ठरवलेली.