तेल प्यायलेला कागद

(दृश्य: ग्राइंडिंग मशिन सुरू. पांढरा कागद पुढे सरकतो.)

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. मशिनखालून वाहणारं हे दुधाळ पाणी म्हणजे कूलंट, घासताना चाक आणि लोखंड थंड ठेवणारं. ते या कागदावर पडतं आणि गाळून खालच्या टाकीत उतरतं. चाकाची भुकटी, लोखंडाचा चुरा, स्लाइडवरून ओघळलेलं तेल, सगळं वरच अडकतं. कागद तुंबला की कूलंट साचतं, त्यावर तरंगणारा फ्लोट वर येतो, मोटर फिरते आणि कागद चार बोटं पुढे सरकतो. कोरा आत, काळा बाहेर.

म्हणायला कागद. प्रत्यक्षात बहुतेकदा कृत्रिम धाग्यांचं, न विणलेलं कापड. मातीत कुजायचं नाव घेत नाही.

(दृश्य: जाळी, खाली ट्रे. थेंब पडताहेत.)

बाहेर आलेला कागद लगेच पिंपात जात नाही. आधी जाळीवर निथळतो. नवा पोरगा घाईनं तो हातात घेतो, तेवढ्यात मागून आवाज येतो, "पिळू नगंस रं, बोटात चुरा घुसंल!" निथळलेलं कूलंट परत टाकीत, वर तरंगणारं तेल वेगळ्या डब्यात. जितकं निथळेल तितकं पिंपाचं वजन कमी, आणि कचरा उचलणारा पैसे वजनावर घेतो. पर्यावरणाचं नाव न काढताही हा हिशेब मालकाला पटतो.

जमिनीवर सांडलेलं तेल टिपायला टाकलेला भुसा, हात पुसलेलं कॉटन वेस्ट, जुने ऑइल फिल्टर यांचीही जागा झाकणाच्या पिंपातच. घंटागाडीत नाही, भंगारात नाही, आणि थंडीत शेकोटीला तर मुळीच नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांत तेलकट चिंध्यांना स्वतःचा क्रमांक आहे: 33.2.

(दृश्य: फाउंड्री. वाळूचे कोअर.)

शिरोलीकडच्या फाउंड्रीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मशिनचं खनिज तेल आपोआप सहसा पेटत नाही. पण कोअर, म्हणजे ओतकामात पोकळी ठेवणारे वाळूचे ठोकळे, बांधायच्या कोअर ऑइलमध्ये जवसाचं तेल असेल, तर ते हवेतला प्राणवायू ओढून घेत वाळतं आणि वाळताना तापतं. अशा चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर उष्णता आतच कोंडते. काडी न लावता धूर निघतो, मग जाळ. म्हणून या चिंध्यांचा डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, आणि पाळी संपली की रिकामा करायचा.

(दृश्य: पावसात कंपाउंडमागचा नाला. पाण्यावर सप्तरंगी तवंग.)

उघड्यावर टाकलं की हे होतं. पुढे पंचगंगा.

(दृश्य: शेडखालची पिंपं, लेबलं.)

पिंपं छपराखाली, काँक्रीटवर. प्रत्येकावर लेबल: आत काय आहे, कधीपासून साठवलंय. साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. नंतर परवानाधारक गाडी येते. काही माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो, काही पुणे जिल्ह्यात रांजणगावला, घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात. तिथल्यासारख्या कचरा जाळायच्या भट्टीत धूर दुसऱ्या कप्प्यात 1,100 अंशांच्या आसपास तापवतात, आणि उरलेली राख अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात.

(दृश्य: पिंप उचलतात. वहीत नोंद.)

गाडी सुटण्याआधी वजन वहीत चढतं आणि नमुना 10 चं चलन, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारा नियमांतला कागद, भरलं जातं. त्याची एक प्रत माल पोहोचल्याच्या सहीनिशी कारखान्यात परत यायला हवी. नाही आली, तर वाट बघत बसायचं नाही. फोन लावायचा आणि मागून घ्यायची.