जोर कुणाचा?

(दृश्य: शाळेचा हॉल. लांबलचक टेबलं, गुंडाळून ठेवल्यामुळे कडा वळलेले पट, डिजिटल घड्याळं.)

रविवारची सकाळ. लहान मुलांची बुद्धिबळ स्पर्धा. हॉलमध्ये पालकांना मज्जाव, म्हणून आई-बाबा खिडकीच्या गजांना चिकटून उभे. पहिली फेरी सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नाहीत आणि तिसऱ्या टेबलावरचा मुलगा हरून बाहेर आलासुद्धा.

झालं काय, ते जरा जवळून पाहू. हा काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. दोघांनीही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. पांढऱ्याचा उंट बाहेर आला, ह्याचा वजिराकडचा घोडा आला. तिसऱ्या खेळीला पांढऱ्याचा वजीर तिरका निघून थेट पटाच्या कडेला जाऊन बसला. इथे आपल्या मुलाचे डोळे चमकले. दुसरा घोडा एफ-सहावर (एफ ही उभी पट्टी, सहा ही पांढऱ्याकडून मोजलेली आडवी ओळ) आणला की वजिरावरच हल्ला! त्याने घोडा आणला. समोरच्याने शांतपणे एफ-सातवरचं प्यादं वजिराने उचललं. शह आणि मात. चार खेळ्या.

"अरे, राजाने वजीर मारायचा ना!" बाबा म्हणतात.

"उंटाचा जोर होता त्याला."

मुलाला कळलंय. फक्त दोन मिनिटं उशिरा.

(दृश्य: रिकामा पट. एफ-सातचं घर, हळूहळू जवळून.)

जोर. बुद्धिबळात नवख्याला जे शिकायचं असतं त्यातलं निम्मं ह्या एका शब्दात आहे. आपल्याकडे आजोबा नातवाला खेळ शिकवतात तेव्हा चाली झाल्या की लगेच हाच शब्द येतो: "घोडा बिनजोर ठेवलास बघ." तुमचा मोहरा कुणी मारला, तर उलट मारायला तुमचा दुसरा कुणी तयार आहे का? असेल तर जोर आहे. नसेल तर तो मोहरा पाहुणा आहे, आज ना उद्या जाणार.

डाव सुरू होताना एफ-सातच्या प्याद्याला जोर असतो तो एकट्या राजाचा. आणि राजाचा जोर दिसायला भारी, पण प्रत्यक्षात पोकळ. समोरून दोघं चालून आले की राजाला मारताच येत नाही, कारण मारायला जाईल तिथे शह. म्हणून नवख्यांवरचे निम्मे हल्ले ह्याच घरावर येतात. ह्या मुलाने वजिरावर हल्ला केला, पण वजीर तिथे आला कशाला, हे विचारलं नाही.

सुरुवातीच्या काळातले बहुतेक डाव असेच जातात. खोल डावपेच वगैरे नंतरची गोष्ट. आधी मोहरे फुकट जातात. तेव्हा प्रत्येक खेळीआधी दोनच प्रश्न: समोरच्याने आत्ता ही खेळी का केली? आणि माझं काय काय बिनजोर आहे? ऐकायला सोपं वाटतं. सलग तीस खेळ्या विचारून बघा. मी चाळिशीत पुन्हा खेळायला बसलो, तेव्हा अकराव्या खेळीला विसरलो आणि चौथीतल्या एका मुलीने माझा वजीर उचलून तिच्या बाजूला नीट उभा करून ठेवला.

(दृश्य: मोबाइलवर ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या ठरीव सुरुवातीचे, व्हिडिओ पाहणारी मुलं.)

आता ही गर्दी बघा. ह्यातल्या अनेकांना सिसिलियन ओपनिंग पाठ आहे, कारो-कान पाठ आहे. आठव्या खेळीपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं. नवव्या खेळीला समोरचा पुस्तकाबाहेर जातो आणि दहाव्या खेळीला घोडा बिनजोर पडतो. पाठांतराने डाव सुरू होतो, पुढे चालत नाही.

ह्याचं उलट उदाहरण आपल्याच उपखंडातलं. मीर सुलतान खान, पंजाबातला. तो देशी बुद्धिबळात तयार झालेला. त्या खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, त्यामुळे युरोपातली ओपनिंगं त्याला परकीच होती. तरी १९२९ साली त्याने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं, पुढे १९३२ आणि १९३३ लाही. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत तर माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. सुरुवातीला तो अडखळायचा. पण पटावर मोहरे कमी झाले की त्याचा हात भल्याभल्यांना भारी पडायचा.

खुद्द कापाब्लांकाही आधी डावाचा शेवटचा टप्पा शिका म्हणायचा. कारण तिथे मोहरे थोडे, आणि एकेका मोहऱ्याची ताकद उघडी दिसते.

(दृश्य: पटावर फक्त दोन राजे आणि एक पांढरं प्यादं.)

हे बघा. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त. नवखा काय करतो? प्यादं शेवटच्या ओळीला नेऊन त्याचा वजीर करायच्या घाईत ते दामटत नेतो. प्यादं ई-सातवर, मागे त्याचा राजा ई-सहावर, काळा राजा समोर ई-आठवर. खेळी काळ्याची. त्याला जायला घर नाही आणि शहही नाही. स्टेलमेट. जिंकलेला डाव बरोबरीत. हेच राजा आधी पुढे आणि प्यादं त्याच्या मागून, असं गेलं असतं, राजा प्याद्यापुढे सहाव्या ओळीत पोचला असता, तर खेळी कुणाचीही असो, वजीर झालाच असता. कडेचं प्यादं तेवढं अपवाद. अर्धा तास पुरतो हे शिकायला, पण शिकवणारे हे शेवटी ठेवतात आणि शेवट येतच नाही.

मोठ्यांनाही चुकांतून सुटका नाही. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. नेहमीच्या वेळेतले दोन्ही डाव बरोबरीत सुटले, मग जलद डाव. दुसऱ्या जलद डावात, घड्याळाच्या तंगीत, हंपीच्या हातून चूक झाली आणि दिव्या जिंकली. वय १९.

तीन मिनिटांचे ऑनलाइन डाव? मजा येते, जरूर खेळा. पण रात्रभरात चाळीस डाव खेळून तीच चूक चाळीसदा पक्की होते. त्यापेक्षा पंधरा मिनिटांचा एक डाव, खेळ्या लिहून. आणि हरलात तर तो कागद फाडू नका. कुठे मोहरा बिनजोर झाला त्या खेळीभोवती पेन्सिलीने गोल करा. संगणकाला नंतर विचारा, आधी स्वतः शोधा.

(दृश्य: दुसरी फेरी. तोच मुलगा.)

आणि हा आपला मुलगा. पुन्हा काळे मोहरे. ह्याही प्रतिस्पर्ध्याचा उंट बाहेर, तिसऱ्या खेळीला वजीर कडेला. योगायोग नाही, सकाळची बातमी हॉलभर पसरलीय. मुलाचा हात घोड्याकडे जातो. अर्ध्यात थांबतो. हात लावला की तोच मोहरा खेळायचा, हा नियम त्याला ठाऊक आहे. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतो.

एक मिनिट. दीड मिनिट.

मग घोडा नव्हे, तर त्याच्या नाकासमोरचं, जी-सातवरचं प्यादं एकच घर पुढे. वजिराला मागे फिरावं लागतं. तो एफ-तीनवर जातो, तिथूनही नजर एफ-सातवरच.

आता मुलगा घोडा उचलतो आणि एफ-सहावर ठेवतो. सकाळचाच घोडा, सकाळचंच घर. पण आता वजिराच्या वाटेत बरोबर तोच उभा आहे.